आत्याची कॉइल

२ मार्च

ती. आत्यास,

शि. सा. न. वि. वि. यातला साष्टांग या खेपेला खरा समज, कारण गेल्या रविवारी तुझं बोलणं अर्ध्यावर असताना मी फोन आपटला. त्यावर तू बाबांच्या फोनवर निरोप ठेवलास, की हा मुलगा फोनवर बोलत नाही, फुटतो. यापुढे माझ्याशी काही बोलायचं असेल तर त्याने कागदावर लिहावं. बाबांनी निरोप सांगितला नाही, नुसता फोन माझ्या कानाशी धरला. मी कॉलेज सोडल्याला पाच महिने झाले, ते अजून माझ्याशी अक्षर बोलत नाहीत. तर हे पत्र. आठवीच्या परीक्षेनंतर मी लिहिलेलं पहिलंच, आणि तेही मार्क मिळणार नसताना.

आता बातमी. आत्या, मी बेस गिटार बनवतोय! बेस म्हणजे चार जाड तारांची, खालच्या आवाजाची विजेवरची गिटार. गाण्यात ती कानाला कळायच्या आधी पोटाला कळते. मी ज्यांच्याकडे कामाला जातो त्या मिस्त्रींनी एका बंद पडलेल्या दुकानाच्या काउंटरची फळी मला दिली. इतकी जड आहे, की मी ती कापताना मिस्त्री म्हणाले, वाजवणार आहेस की मारामारी करणार आहेस. दांडा मिळाला एका टेम्पोखाली आलेल्या बेसचा. धड गेलेलं, दांडा शाबूत. म्हणजे लाकूडकाम झालं. राहिला आतला जीव.

पण आधी खरं कारण सांगतो. हसू नकोस. हसलीस तरी पत्रात लिहू नकोस.

एक मुलगी आहे. चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवते आणि रविवारी ड्रम वाजवते. काच बसवून झाली की ती तिच्यावर एक फुंकर मारते आणि उजेडाकडे धरून बघते, आत्या, ते एकदा बघ. मी तीन वेळा चष्म्याची दांडी मोडून घेऊन गेलो. चष्मा मला नाही, बाबांचा आहे, म्हणून ते आणखीच बोलत नाहीत. तर तिचा एक बँड आहे. त्याचा कारभार एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाकडे आहे, तो कीबोर्ड वाजवतो, सगळे त्याला लिफ्टवालाच म्हणतात. एका कचेरीच्या नवव्या मजल्यावर लिफ्टच्या मोटरची खोली आहे, तिच्या शेजारच्या मोकळ्या खोलीत सुट्टीच्या दिवशी यांची तालीम चालते. त्यांचा बेसवाला नोकरीसाठी दूर गेला. त्या जागेसाठी ३० तारखेला, रविवारी, दोघांना वाजवून दाखवायला बोलावलंय. एक जण दुकानातून आणलेला चकचकीत बेस घेऊन येणार आहे. त्याचं नाव मी चकचकीतच ठेवलंय. दुसरा मी. माझं नाव तिने सुचवलं, कुणी विचारलेलं नसताना! मी आजवर उसन्या बेसवर वाजवलंय, आणि त्याचा मालक परवा तो घेऊन गेला. म्हणजे माझा बेस तीस तारखेला वाजला नाही तर पुढची कित्येक वर्षं दर रविवारी तिच्या शेजारी चकचकीत उभा राहणार आणि मी प्लायवूड कापत बसणार. मला ती जागा हवी आहे, आत्या. हवीच.

आता तुझं काम. बेसमध्ये तारांच्या खाली पिकअप बसवतात. तोच तिचा कान. चार पोलादी स्क्रू, त्यांच्या खाली चपटं लोहचुंबक, आणि भोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे आठ-नऊ हजार वेढे. वर तार हलली की खाली कॉइलमध्ये वीज हलते. पिकअप दांड्याजवळ बसवला तर आवाज गोल आणि भरलेला येतो. मागे, तारा बांधतात तिथे बसवला, तर टोकदार, जरा भांडखोर. कुठला निवडू? रात्रंदिवस तेच चाललंय डोक्यात. मला दोन्ही हवेत, आणि दोघांना वेगवेगळं बटण, म्हणजे पाहिजे तसं मिसळता येईल. दुकानदार सेलवर चालणारे तयार पिकअप गळ्यात मारायला बघतो. मला ते परवडत नाहीत आणि आवडतही नाहीत, सगळ्यांचा आवाज एकाच आईचा. तू सव्वीस वर्षं ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात कॉइली गुंडाळतेस. माझ्या दोन गुंडाळशील?

एक अडचण आधीच सांगतो. असल्या पिकअपना भुणभुण लागते. आजूबाजूच्या ट्यूबलाइटची, मोटरची वीज त्यांच्यात शिरते आणि मधमाशीसारखी गुणगुणत बसते. ती म्हणाली, की लिफ्टवाल्याला बाकी सगळं चालतं, भुणभुण चालत नाही. आठवडाभर मोटरींजवळ काढल्यावर रविवारी तरी ती नको, असं त्याचं म्हणणं. यावर काही उपाय असला तर लिही.

लोभ आहे तेवढा राहू दे, फोन आपटल्याची त्यातून वजावट करू नकोस.

तुझा,
बंब


७ मार्च

चि. बंबास,

अनेक आशीर्वाद आणि एक चिमटा. तुझं पत्र तीनदा वाचलं. एकदा बेससाठी, एकदा त्या ड्रमवालीसाठी, आणि एकदा तुझं अक्षर लागेना म्हणून. हसले नाही. तुझे काका हसले, ते मी लिहीत नाही.

दादाचा चष्मा त्याला परत कर आणि त्याच्या चहाच्या वेळेला एक दिवस तू चहा करून ठेव. बोलायला जाऊ नकोस. तुम्हा बापलेकांचं बोलणं सुरू झालं की भांडी उचलून ठेवावी लागतात.

कॉइलचं म्हणशील तर आमच्या रोजच्या कामाची तार तुझ्या कामाला जाड पडेल. बेचाळीस गेजची बारीक तार पूर्वी रिलेसाठी, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचांसाठी, यायची. स्टोअरकीपरकडे एक अर्धं रीळ धूळ खात पडलं होतं, ते रीतसर चिठ्ठी करून मागून घेतलं. माझं जुनं हाताचं वाइंडिंग मशीन अजून आहे. नवीन लाइन आपोआप गुंडाळते, आम्ही नुसतं बघत बसतो, त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत पुन्हा हँडल धरताना माझेच हात खूश झाले. दांड्याजवळची कॉइल मी गुंडाळली आहे, नऊ हजार वेढे, पार्सलमध्ये आहे. दुसरी तू गुंडाळायची. का, म्हणून विचारू नकोस. दोन्ही मी करून दिल्या तर उद्या कुणी कौतुक केलं की तुला त्यातलं निम्मंही स्वतःकडे घेता येणार नाही.

वेगळ्या कागदावर कृती लिहून दिली आहे. थोडक्यात: तार बोटांत मऊ फेल्ट कापडाचा तुकडा धरून त्यातून जाऊ दे, ओढू नकोस. हँडल नेहमीच्या बाजूने फिरव. सुरुवातीच्या टोकाला लाल दोरा बांध, शेवटच्याला काही नको. आणि डोकं तापलेलं असेल तर मशीनला हात लावू नकोस. ही तार माणसाचा राग ओळखते, आणि तुटते.

सेलवाले पिकअप नकोत, हे तुझं बरोबर. ज्यात सेल असतो ते नेमकं कामाच्या दिवशी झोपतं. वायरिंग साधं ठेव. दोन आवाजाची बटणं, एक टोनचं, बस्स. आत पोकळीला तांब्याची पट्टी चिकटव आणि अर्थिंगच्या सगळ्या तारा एकाच ठिकाणी आण. दहा ठिकाणी नेल्यास तर भुणभुण भाड्याने राहायला येईल. पूर्ण जाईल की नाही, ते मला माहीत नाही. आमच्या वायरमनला विचारते, तो घरी रेडिओ उघडून बसणारा माणूस आहे.

लोभ तर आहेच, त्यात तूप घालायला पत्र लवकर टाक.

तुझी,
आत्या


१३ मार्च

ती. आत्यास,

शि. सा. न. वि. वि. पार्सल आलं! तुझी कॉइल मी आधी टेबलावर ठेवून दहा मिनिटं नुसती बघितली. मिस्त्रींनीही बघितली. ते म्हणाले, ही माणसाने गुंडाळली आहे की उगवली आहे? सगळे वेढे एका अंगाला एक, जणू रेशमाचा गुंडा. आणि मग माझी बघ.

मिस्त्रींच्या मोठ्या शिकंज्यात मी हाताचं ड्रिल आडवं आवळलं, त्यात बॉबिन बसवली, वेढे मोजायला जुन्या टेपरेकॉर्डरचं काउंटर लावलं. पहिल्यांदा बाराशेवर तार तुटली. दुसऱ्यांदा अठ्ठावीसशेवर. तिसऱ्यांदा बेचाळीसशेवर आणि तेव्हा मी जे बोललो ते ऐकून मिस्त्रींनी रंधा खाली ठेवला. मग तुझं वाक्य आठवलं, तार राग ओळखते म्हणून. बाहेर जाऊन दोन ग्लास पाणी पिऊन आलो. चौथ्यांदा गेली, आत्या, नऊ हजारापर्यंत गेली! मीटर लावून रोध मोजला, तुझी आणि माझी जवळपास सारखी भरली. माझी दिसायला घरट्यासारखी आहे, पण भरली.

वायरिंगही झालं. टोनच्या बटणाला कुठला कपॅसिटर लावायचा यावर दोन दिवस घातले. लहान लावला तर बटण फिरवून फरक कळेना, मोठा लावला तर सगळं गोधडीखाली गेल्यासारखं. शेवटी मधला निवडला. आतली पोकळी तांब्याच्या पट्टीने मढवली आहे, देवघर केल्यासारखी चमकते. आता फक्त तारा चढवायच्या. शनिवारी संध्याकाळी ती ऐकायला येणार आहे, मिस्त्रींच्या कारखान्यात. तिने स्वतः विचारलं, की पहिल्यांदा वाजेल तेव्हा मी आले तर चालेल का. चालेल का! मी म्हणालो, बघू. असं का म्हणालो, देव जाणे. तोंडातून निघून गेलं.

बाबांना चहा केला. प्यायले. कप स्वतः धुतला. ही प्रगती समजायची का?

लोभ वाढव, शनिवारपर्यंत तरी.

तुझा,
बंब


१८ मार्च

आत्या,

नमस्कार. बाकीची अक्षरं लिहायच्या मनःस्थितीत मी नाही.

तुझी कॉइल चुकीची आहे. सरळ लिहितो. शनिवारी ती आली, मिस्त्री होते, मी तारा चढवून बटणाने तुझा पिकअप उघडला, छान. तो बंद करून माझा उघडला, तोही छान. दोन्हींना थोडी थोडी भुणभुण होती, ती मी धरूनच चाललो होतो. मग दोन्ही बटणं पूर्ण उघडली, ज्यासाठी एवढा खटाटोप केला, आणि आवाज गेला! बंद नाही पडला, पातळ झाला. पत्र्याच्या डब्यात पाण्याचा थेंब पडावा तसा टिंग टिंग. खालचा सगळा भार नाहीसा. भुणभुणही गेली आणि आवाजही गेला. बेसमध्ये बेसच नाही.

मी तुझा कागद अक्षर न अक्षर पाळला आहे. लाल दोरे जागच्या जागी. तीनदा तपासलं. मग चूक कुणाची? सव्वीस वर्षांच्या अनुभवाची कॉइल म्हणून मी ती डोळे मिटून बसवली.

आणि ऐक. ती म्हणाली, की दोन्ही लावल्यावर आवाज एकमेकांना खातायत असं वाटतं. मला वाटलं, हिला काय कळतं, आणि मी तसं बोलून गेलो. म्हणालो, की दिवसभर पिंप बडवणाऱ्यांनी सुरांवर मत देऊ नये. तिने काठ्या पिशवीत घातल्या आणि ती गेली. मिस्त्रींनी माझ्याकडे पाठ करून रंधा हातात घेतला, ते जास्त लागलं.

बारा दिवस राहिले. मी तुझी कॉइल उपटून टाकणार आहे आणि दुकानदाराकडचा सेलवाला घेणार आहे, पगार आगाऊ मागून. नाहीतर जाणारच नाही. तू असल्या कामात पडायलाच नको होतं.

बंब


२१ मार्च

चि. बंबास,

आशीर्वाद नेहमीचेच, तुझ्या पत्रामुळे त्यात कपात नाही. कागदावर फोन आपटता येत नाही असं मला वाटत होतं. तुला येतो.

कॉइल उपटू नकोस. हे वाक्य आधी दोनदा वाच, मग पुढे जा.

चूक माझी आहे, पण तू म्हणतोस ती नाही. मी डावखुरी आहे. तू मला लिहिताना कधी पाहिलंस की नाही कोण जाणे. मी हँडल डाव्या हाताने धरते, त्यामुळे मशीनही दुसऱ्या बाजूने बसवलेलं आहे आणि तार दुसऱ्या दिशेने गुंडाळली जाते. कारखान्यात माझ्या कॉइलींना सव्वीस वर्षं निळी चिठ्ठी लागते, जोडणारी पोरगी चिठ्ठी बघते आणि टोकं उलटी जोडते. ही गोष्ट माझ्या इतकी अंगवळणी पडली आहे, की तुला कृती लिहिताना मी आपली लिहून गेले, हँडल नेहमीच्या बाजूने फिरव. माझी नेहमीची बाजू वेगळी, तुझी वेगळी. पार्सलला निळी चिठ्ठी लावायचंही सुचलं नाही. सुपरवायझरने पूर्वी यावरून मला पुष्कळ ऐकवलं आहे, तू नवीन काही ऐकवलं नाहीस.

आता पुढचं नीट वाच. तुझं पत्र मी वायरमनला दाखवलं. शिव्यांचा भाग सोडून. तो जेवता जेवता वाचत होता, एका ओळीवर थांबला आणि घास तसाच हातात धरून हसायला लागला. ती ओळ अशी, की भुणभुणही गेली आणि आवाजही गेला. म्हणाला, या पोराच्या हाताला घबाड लागलंय आणि हा रडतोय.

त्याने समजावलं ते असं. बाहेरची भुणभुण कॉइलच्या दिशेवर चालते. एक कॉइल सरळ, एक उलटी, म्हणजे एकीतली भुणभुण पुढे ढकलते तेव्हा दुसरीतली मागे ओढते, आणि दोघी मिळून शून्य. हे तुला आयतं मिळालं आहे. पण तारांच्या आवाजाला दोन गोष्टी लागतात, कॉइलची दिशा आणि खालच्या लोहचुंबकाचं तोंड. तुझी दोन्ही लोहचुंबकं एकाच तोंडाने बसलेली असणार, म्हणून आवाजही एकमेकांना खातोय. ड्रमवालीने नेमके तेच शब्द वापरले होते, हे तुला आता कळलं असेल. दोन्हींपैकी एक लोहचुंबक पालथं कर. मग आवाज एका बाजूला येईल आणि भुणभुण तशीच मेलेली राहील.

सोपा रस्ताही आहे, नुसती माझ्या कॉइलची टोकं उलटी जोडायची. आवाज येईल, पण भुणभुणही दुपटीने परत येईल. तो रस्ता घेऊ नकोस. टोकांना हात लावू नकोस, लोहचुंबक पालथं कर. आणि जपून. ते चिनी मातीसारखं असतं, पडलं की तुकडे.

तू कॉलेज सोडलंस तेव्हा लोहचुंबकाचा धडा व्हायचा होता का रे? मी फक्त विचारते आहे.

त्या मुलीकडे जा. बेस बरोबर नेऊ नकोस. बेस दाखवून क्षमा मागितलीस तर ती बेसला मिळेल, तुला नाही. तुझा राग मला नवा नाही, लहानपणी तू कुलपाला चावला होतास. पण तिला तो नवा आहे.

लोभाचं म्हणशील तर तो इकडून चालू आहे, तुझ्या टोकाला जोडणी तपास.

तुझी,
आत्या


२६ मार्च

ती. आत्यास,

शि. सा. न. वि. वि. आणि या वेळी खरंच गुडघे टेकले, खोलीचं दार लावून. तू मला रागावली असतीस तर बरं झालं असतं. तुझं पत्र तीन वेळा वाचलं आणि कुलपाचा उल्लेख आला की तिन्ही वेळा घाम फुटला. माफ कर. मला कळेना, की ज्या पत्रात मी तुला वाटेल ते लिहिलं त्याच पत्रातून तू माझं काम कसं शोधून काढलंस.

आता ऐक, ऐक! लोहचुंबकाचं तोंड कुठलं, ते कसं ओळखायचं यावर मी स्वयंपाकघरात बडबडत होतो, भिंतीशी, कारण घरात माझ्याशी बोलणारं कुणी नाही. बाबा उठले, आत गेले आणि त्यांची होकायंत्राची पेटी आणून माझ्यापुढे ठेवली. तीच, जमिनीची मोजणी करायला नेतात ती, जिला लहानपणी बोट लावलं तर बोट तुटेल असं मला वाटायचं. सुई दोन्ही पिकअपवर एकाच टोकाने वाकली. वायरमन म्हणाला तेच!

तुझ्या पिकअपला मी हात लावला नाही, माझा उघडला. खालची पितळी पट्टी सोडवली, लोहचुंबक काढलं, आणि ते हातातून उडून थेट पक्कडीला चिकटलं. टक्क झालं. आत्या, मी आधी डोळे मिटले, मग एक उघडून बघितलं. पण कोपऱ्यावरचा कपचा तेवढा उडाला, बाकी अखंड. पालथं करून बसवलं, पट्टी आवळली. सुई आता दुसऱ्या टोकाने वाकली. आणि बाबा बोलले! पाच महिन्यांनी! म्हणाले, की ते लोहचुंबक सुईपासून लांब ठेव, नाहीतर माझी पुढची सगळी शेतं वाकडी मोजली जातील. मी हो म्हणालो. एवढंच झालं. पण मग बेसची वायर स्पीकरला जोडून दोन्ही बटणं उघडली तेव्हा ते उठून गेले नाहीत.

कसं सांगू तुला. दोन्ही उघडले आणि आवाज दुप्पट नाही, वेगळाच आला. तुझा गोल, माझा भांडखोर, दोघे मिळून असा एक, की जेवणाच्या टेबलावरचे चमचे सरकले. आणि वाजवणं थांबवलं की काही नाही. भुणभुण नाही, खरखर नाही. मी डोक्यावरची ट्यूब लावली, मिक्सर लावला, तरी नाही. एकच बटण कमी केलं की मधमाशी येते, दोन्ही पूर्ण उघडली की मरते. मी हे वीस वेळा केलं. मग बाबांनी एकदा केलं.

तिच्याकडे गेलो, बेस न घेता. दुकानाच्या मालकाला वाटलं, गिऱ्हाईक आलं. त्याने मला धरून डोळे तपासायच्या खुर्चीवर बसवलं, आणि काचा बदलायला तिलाच बोलावलं. नाकावर ती लोखंडी फ्रेम, समोर अक्षरांचा तक्ता, मालक शेजारी उभा. मी एक ओळ वाचायचो आणि हळूच माफी मागायचो, ती काच बदलायची, पुन्हा एक ओळ, पुन्हा माफी. सगळ्यात खालच्या ओळीपर्यंत मी तिला सांगून टाकलं, की तुझे कान बरोबर होते, आवाज खरोखरच एकमेकांना खात होते, आणि मी बोललो ते हलकट होतं. तिने मालकाला सांगितलं, की यांचे डोळे उत्तम आहेत, बिघाड दुसरीकडे आहे. मला फक्त एवढंच म्हणाली, रविवारी दहाला, उशीर नको. हसत नव्हती. पण फ्रेम काढताना तिने काचेवर फुंकर मारली, ती माझ्या तोंडावर आली.

चार दिवस राहिले. झोप नाही, भूक दुप्पट.

लोभाची जोडणी तपासली, घट्ट आहे.

तुझा,
बंब


३० मार्च

ती. आत्यास,

शि. सा. न. वि. वि. बोटं सुजली आहेत, म्हणून अक्षर आणखी वाईट येईल, काकांना वाचायला दे.

चकचकीतचा नंबर आधी लागला. माणूस चांगला निघाला, ते मला जरा जडच गेलं. वाजवतोही छान. पण लिफ्टवाल्याने वाजवून घेताना पहारेकऱ्याला लिफ्ट वरखाली करायला सांगून ठेवलं होतं. शेजारच्या खोलीत मोटर फिरली की त्याचा बेस गुणगुणायला लागायचा, गाण्याच्या शांत जागी तर फारच. लिफ्टवाला डोळे मिटून बसला होता, दाढ दुखत असल्यासारखा.

मग मी. वायर जोडली, दोन्ही बटणं पूर्ण उघडली आणि उभा राहिलो. खोलीत काही नाही. मोटर फिरतेय आणि स्पीकर गप्प. लिफ्टवाला वाट बघत होता, मग उठला, स्पीकरपाशी गेला, खाली बसला, कान लावला. आवाजाचं बटण वाढवलं. अजून वाढवलं. वायर हलवून बघितली. मग माझ्याकडे वळून फार मायेने म्हणाला, की तुझ्या वायरच्या जोडणीचा डाग सुटलेला दिसतो, आत वीजच येत नाहीये. घरी केलेल्या वस्तूंचं असं होतं, वाईट वाटून घेऊ नकोस, पुढे कधीतरी ये. आणि त्याने चकचकीतला खुणेने पुन्हा बोलावलं.

आत्या, तुला माहीत आहे माझं काय होतं अशा वेळी. कानशिलं तापली. जिभेवर वाक्य तयार होतं, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांवर, खालच्या दर्जाचं. मी तिच्याकडे बघितलं. ती ड्रमच्या मागे बसून माझ्याकडेच बघत होती, काठ्या मांडीवर, की आता हा काय करतो. मी वाक्य गिळलं. खरंच गिळलं, घशातून उतरताना कळलं. आणि सगळ्यात जाड तार, मोकळी, एकदाच छेडली.

त्याचा कान स्पीकरलाच होता.

तो बसल्या जागी मागे पडला. स्पीकरवर ठेवलेला त्याचा चहाचा कप चालत चालत कडेला आला आणि पडला. भिंतीवर टांगलेले नट आवळायचे सगळे पाने एकदम वाजले. पहारेकरी वरखाली होणाऱ्या लिफ्टमधूनच काय पडलं म्हणून ओरडायला लागला. तिने डोकं ड्रमवर टेकलं होतं, मला वाटलं रडते आहे, खांदे हलत होते, ती हसत होती. लिफ्टवाला उठला, पॅन्ट झटकली, आणि मोटर फिरतेय की नाही ते शेजारच्या खोलीत स्वतः जाऊन बघून आला. फिरत होती. मग त्याने माझ्या दोन्ही बटणांपैकी एक कमी केलं, भुणभुण आली, पुन्हा वाढवलं, गेली. हे त्याने बाबांपेक्षा जास्त वेळा केलं.

आम्ही तासभर वाजवलं. मला घेतलं, आत्या! मला घेतलं! दर रविवारी दहाला. लिफ्टवाला म्हणाला, की गुंडाळणाऱ्याचा पत्ता दे, मोटर गुंडाळणारी पुष्कळ बघितली, अशी नाही बघितली. मी सांगितलं, की एक कॉइल डाव्या हाताची आहे आणि एक उजव्या, आणि उजव्या हाताची माझी आहे, पण अक्कल डाव्या हाताची आहे. चकचकीतने जाताना हात मिळवला आणि विचारलं, तुझी आत्या माझ्यासाठी एक गुंडाळेल का. मी त्याला म्हणालो, पत्र लिहा, फोन करू नका.

लिफ्ट स्पीकरांनी भरली, म्हणून ती आणि मी जिन्याने उतरलो. तिच्या झांजांची पेटी माझ्याकडे होती, बेस पाठीवर, मिस्त्रींच्या काउंटरचा सगळा भार. मी ठरवलं होतं, की हे कधीतरी नीट, शांतपणे, जागा बघून सांगायचं. आठव्या मजल्याच्या वळणावर सांगून टाकलं. सगळं. चष्म्याच्या दांड्या मुद्दाम मोडल्या होत्या, तेही. ती दोन मजले पायऱ्या मोजत उतरली. मग तिने सांगितलं, की दांड्यांचं तिला दुसऱ्या खेपेलाच कळलं होतं, आणि तू मला आवडत नाहीस असं मुळीच नाही, पण परवाच्या पिंपाचं मी विसरलेले नाही. एक महिना राग न करता काढून दाखव, मग पुढचं बोलू. आणि दिवस मी मोजणार, तू नाही. मोजणं हेच माझं काम आहे.

मी म्हणालो, कबूल, आजपासून? ती म्हणाली, आजपासून नाही. सहाव्या मजल्यावर अंधारात तुझी पायरी चुकली, तेव्हा तू भिंतीला लाथ मारलीस. उद्यापासून.

तर उद्यापासून, आत्या. बाबांना अजून काही सांगितलेलं नाही, पण त्यांनी मला आल्याबरोबर विचारलं, झालं का. दोन शब्द. मी म्हणालो, झालं.

लोभ आहेच. पुढचा महिनाभर तो जरा जास्त लागेल, हात सैल सोड.

तुझा,
बंब